श्रेष्ठ फिरकी गोलंदाज कोण?

पाकिस्तानातील क्रिकेटरसिक एकत्र जमले म्हणजे आपल्या देशाचा सर्वश्रेष्ठ फिरकी गोलंदाज कोण, हा वाद निघाल्यावाचून राहत नाही. आकड्यांवर विसंबावे तर 261 कसोटी बळी मिळविणारे दानिश कनेरिया सर्वांच्या पुढे. त्यांच्यामागे 244 बळींचे यासिर शाह, 236 बळींचे अब्दुल कादिर आणि 208 बळींचे सकलेन मुश्ताक. असे असूनही कित्येकांच्या तोंडी पहिले नाव येते ते कादिर यांचे. वेगवान गोलंदाजांच्या त्या जमान्यात मनगटी फिरकीची विद्या त्यांनी जतन केली, आणि 1987 साली लाहोरला इंग्लंडचे 9 गडी अवघ्या 56 धावांत टिपले. म्हणजे बळींची बेरीज करून हा वाद मिटत नाही, हे तेथील रसिकांनीही मनोमन ओळखलेले आहे.

बेळगुंदीपासून निपाणीपर्यंतच्या आपल्या सीमाभागात हाच प्रश्न अधिक अवघड होऊन बसतो. घरची भाषा मराठी आणि 1956 पासून राज्य दुसरे, अशा मुलखात क्रिकेटवरचे प्रेमही दोन दिशांना ओढले जाते. कर्नाटकाची बाजू घेणाऱ्याने चंद्रशेखर यांचे 242, प्रसन्ना यांचे 189 आणि अनिल कुंबळे यांचे 619 कसोटी बळी पुढे ठेवले की मराठीचा कैवार घेणाऱ्याला आकड्यांची भाषा सोडून द्यावी लागते. ती सोडली तरी काही बिघडत नाही. मराठी फिरकीची थोरवी जोखण्यास तो तराजू मुळातच अपुरा आहे.

त्या थोरवीचा आरंभ योगायोगाने याच मुलखाच्या शेजारी, धारवाडला होतो. पालवणकर बाळू यांचा जन्म 1876 साली तेथे झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवणचे, जातीने त्या काळी अस्पृश्य गणलेले. वडील लष्करात नोकरीस. धारवाड आणि बेळगाव हे दोन्ही जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यात होते. त्यामुळे बाळू कोणाचे, या प्रश्नावर सीमाभागातील दोन्ही पक्षांनी भांडावे असे काही उरत नाही. ते दोघांचेही आहेत.

पुण्यास पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे आणि तीवरून रूळ फिरविणे, हे बाळू यांचे पहिले काम. वेतन दरमहा तीन रुपये. पुढे ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले, तेव्हा त्यात एका रुपयाची भर पडली. तेथे सरावासाठी जाळ्यात गोलंदाजी करावयास कोणी तरी हवेच असे; ते काम हळूहळू बाळूंकडे आले. ग्रेग नावाचा कुशल इंग्रज फलंदाज आपणांस बाद केल्याबद्दल त्यांना दर वेळी आठ आणे देत असे, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. इतकी वर्षे साहेबांना चेंडू टाकले, परंतु जाळ्यात बॅट म्हणून कधी बाळूंच्या हाती दिली गेली नाही. गोलंदाजी हे नोकराचे काम आणि फलंदाजी हा साहेबाचा छंद, अशी ती वाटणी होती! त्या वाटणीतूनच डावखुऱ्या फिरकीचा एक असामान्य कारागीर घडला, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

त्यांची कीर्ती पसरली तेव्हा पुण्याच्या हिंदू मंडळींपुढे पेच पडला. साहेबांना हरवायचे तर बाळू हवेत; बाळूंना घ्यायचे तर शिवाशिव मोडावयास हवी. मंडळींनी मधला मार्ग काढला. मैदानावर चेंडू सर्वांचा, परंतु चहाच्या वेळी बाळूंनी बाहेर बसून वेगळ्या मातीच्या पात्रात चहा घ्यावयाचा. पुढे ते मुंबईस गेले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 साली हिंदूंच्या संघाने युरोपियनांना 109 धावांनी नमविले, त्या सामन्यात बाळूंनी 8 गडी बाद केले आणि त्यांचे बंधू शिवराम हेही त्यांच्याबरोबर खेळत होते.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ दुबळा होता. प्रथम दर्जाच्या चौदा सामन्यांपैकी त्यास केवळ दोन जिंकता आले. या पडझडीत पस्तिशी गाठलेल्या, खांद्याच्या दुखण्याने बेजार झालेल्या बाळूंनी सर्व सामने धरून 114 बळी मिळविले, तेही प्रत्येकी एकोणीस धावांहून कमी खर्चून. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाचे तर एका डावात 8 गडी त्यांनी टिपले. ओलसर, परक्या खेळपट्ट्यांवर आणि पाठीशी भरवशाचे क्षेत्ररक्षण नसताना केलेला हा पराक्रम आहे.

मात्र हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद बाळूंना कधी मिळाले नाही. त्यांच्याहून कमी योग्यतेचे खेळाडू त्या जागी बसत राहिले. 1920 साली या अन्यायाचा निषेध म्हणून पालवणकर बंधूंनी संघातून अंग काढून घेतले, तेव्हा कोठे वृत्तपत्रांतून आणि सभांतून प्रश्न धसास लागला. 1923 साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्यांनी चौरंगी स्पर्धा जिंकून दाखविली. थोरल्या भावाने मारलेल्या धडकांमुळे दार उघडले आणि धाकटा आत गेला.

बाळूंच्या विरुद्ध एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ते कसोटी सामना खेळलेच नाहीत. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना 1932 चा. मग त्यांची तुलना सुभाष गुप्ते यांच्याशी कशी करावी? आक्षेप वजनदार आहे, कारण गुप्ते यांची विद्या अजोड होती. मुंबईत 1929 साली जन्मलेल्या या लेगस्पिनरने 36 कसोटींत 149 बळी मिळविले. 1952-53 मध्ये वेस्ट इंडीजमध्ये जाऊन पाच कसोटींत 27 गडी, आणि 1955-56 मध्ये न्यूझीलंडविरुद्ध पाच कसोटींत 34. पाकिस्तानच्या फलंदाजांना तर त्यांनी दोनदा धडा दिला. 1955 च्या जानेवारीत ढाक्याच्या कसोटीत दुसऱ्या डावात 18 धावांत 5 बळी. आणि त्याच हंगामात मुंबईकडून ब्रेबॉर्न मैदानावर पाकिस्तानी सेनादल व बहावलपूर यांच्या संयुक्त संघाचे एका डावातील दहाही गडी 78 धावांत. 1958 साली कानपूरला वेस्ट इंडीजचे 9 गडी 102 धावांत त्यांनी घेतले. उरलेला एक वसंत रांजणे यांच्या वाट्याला गेला. त्याच वेस्ट इंडीज संघातील गारफिल्ड सोबर्स यांनी पुढे गुप्ते यांना शेन वॉर्नपेक्षाही श्रेष्ठ ठरविले.

असा गोलंदाज बत्तिसाव्या वर्षी कसोटी क्रिकेटमधून कायमचा बाजूला झाला, तो हात थकला म्हणून नव्हे. 1961 च्या डिसेंबरात दिल्लीच्या कसोटीच्या वेळी त्यांच्या खोलीतील सोबती कृपाल सिंग यांनी हॉटेलातील स्वागतिकेला दूरध्वनी करून भेटीचे निमंत्रण दिल्याची तक्रार झाली. गुप्ते यांचा दोष इतकाच की खोली त्यांचीही होती. मंडळाने दोघांनाही वगळले. 1962 चा वेस्ट इंडीजचा दौरा, जेथील मैदाने गुप्ते यांनी गाजविली होती आणि जेथील कन्येशी त्यांनी विवाह केला होता, त्यांच्याविनाच पार पडला. कृपाल सिंग पुढे पुन्हा भारतासाठी खेळले. गुप्ते खेळले नाहीत. त्रिनिदादला स्थायिक होऊन 2002 साली ते तेथेच वारले.

तिसरे नाव पद्माकर शिवलकर यांचे. प्रथम दर्जाच्या 124 सामन्यांत 589 बळी मिळवूनही त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. डावखुऱ्या फिरकीची ती एक जागा बिशनसिंग बेदी यांनी व्यापलेली होती. बेदी थोर होतेच, पण थोरपणाच्या छायेत किती वाढ खुंटते याचाही हिशेब कोणी तरी ठेवावयास हवा. 1972-73 च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मद्रासच्या फिरत्या खेळपट्टीवर शिवलकरांनी पहिल्या डावात 16 धावांत 8 आणि दुसऱ्यात 18 धावांत 5 गडी बाद केले. तामिळनाडू 80 आणि 61 धावांत संपला, आणि मुंबईने तो करंडक सलग पंधराव्यांदा जिंकला. बापू नाडकर्णी यांची 1964 मधील सलग 21 निर्धाव षटके लोकांच्या स्मरणात अधिक आहेत. ती संयमाची शर्थ होती, परंतु गडी बाद करण्याच्या कलेत शिवलकर त्यांच्या पुढे होते.

तेव्हा निवाडा कसा करावा? उद्या सामना जिंकून देणारा एकच गोलंदाज निवडावयाचा असेल तर गुप्ते यांचेच नाव घ्यावे लागेल. दोन्ही प्रकारच्या गुगलीने फलंदाजाला चकविणारे तसे मनगट मराठी मुलखात पुन्हा दिसले नाही. परंतु श्रेष्ठत्वाचा मान बाळूंनाच द्यावयास हवा. गुप्ते यांना मुंबईचे क्रिकेट लाभले, शिवलकरांना विजयी संघ लाभला. बाळूंना गुरू नव्हता, बरोबरीच्या हक्काने उभे राहावयास संघ नव्हता, हातात बॅट नव्हती. शिकायची ती कला साहेबांना चेंडू टाकता टाकता, चाकरी म्हणून शिकावी लागली. आणि तरीही 1911 च्या त्या संघात इंग्लंडने मानला असा गोलंदाज तेच होते.

मैदान सोडल्यावरही त्यांच्या वाट्याला सोपा सामना आला नाही. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत उभे केले ते साक्षात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध, आणि सुमारे दोन हजार मतांनी बाळू पराभूत झाले. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. गुप्ते यांनी न्यूझीलंडविरुद्धच्या हैदराबादच्या कसोटीत एका डावात 7 गडी बाद केले, ते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात.