भिंत आणि चौकट यांमधील फट

दाराच्या चौकटीलगत गिलाव्यांत पडलेली बारीक फट ज्यानें आपल्या घरांत पाहिली नाहीं, असा गृहस्थ विरळाच. दिवाळीपूर्वीं रंगारी लुकण भरून ती बुजवितो, आणि होळीच्या सुमारास ती पुन्हां डोकावूं लागते. मग सुतारानें कच्चें लांकूड घातलें, गवंड्यानें चुना मारला, असे आरोप सुरू होतात. ते कधीं कधीं खरेहि असतात. परंतु ही तक्रार निदान दोन हजार वर्षें जुनी आहे.

रोमन स्थापत्यकार व्हिट्रूव्हियस यानें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत वास्तुविद्येवर दहा भागांचा ग्रंथ लिहून तो सम्राट् ऑगस्टस यास अर्पण केला. त्याच्या सातव्या भागांत गिलाव्याचें प्रकरण आहे. लांकडी खांब व आडव्या पट्ट्या यांच्या कुडावर गिलावा केला कीं त्यास भेगा पडणारच, असें तो स्वच्छ सांगतो. ओला चिखल लिंपतांच लांकूड पाणी पिऊन फुगतें. वाळलें म्हणजे आकसतें, आणि आकसतांना गिलाव्यास फाडतें. यावर त्याचा तोडगा मोठा चतुर आहे. आधीं चिखलाचा लेप द्यावा. त्यावर बोरूच्या काड्या सलग ओळीनें खिळ्यांनीं ठोकाव्या. पुन्हां चिखल, आणि मग पहिल्या थरास काटकोनांत काड्यांचा दुसरा थर. त्यावर वाळूचा आणि संगमरवरी चुऱ्याचा गिलावा. आंतलें लांकूड हललें तरी त्याचा ताण एकाच रेषेवर न येतां पसरून जावा, हें यांतील मर्म. आज विटा व काँक्रीट यांच्या सांध्यावर आपला गवंडी तारेची जाळी ठोकतो, ती या बोरूचीच नात म्हणावयाची. स्वतः व्हिट्रूव्हियस मात्र अशा कुडांवर इतका रुष्ट होता कीं, ते निघालेच नसते तर बरें, असें त्यानें दुसऱ्या भागांत लिहून ठेविलें. कारण ते आगीस आयतें सरपण होतात.

लांकूड हलतें तें लांबींत नव्हे, रुंदींत. हवेंतील दमटपणाप्रमाणें त्यांतील ओलावा वाढतो व घटतो. साग हें या बाबतींत फार समंजस झाड. तरीहि ओलाव्यांत सहा टक्क्यांचा फरक पडल्यास चार इंच रुंद सागाची फळी सुमारें एक मिलिमीटर कमीजास्त होऊं शकते. आषाढांत आणि चैत्रांत चौकट सारख्या मापाची राहत नाहीं, ती यामुळें. युरोपांतील सुतारांनीं हें ओळखून दाराची मधली फळी खिळ्यांनीं न जखडतां चौकटीच्या खांचेंत सैल बसविण्याची रीत रूढ केली. हालचाल थांबवितां येत नाहीं, तर तिला वाट द्यावी, एवढाच त्यांतील विचार.

आपल्याकडील जुन्या वाड्यांत सागाचे खांब व तुळया घराचा भार वाहत, आणि चुन्याचा मऊ गिलावा लांकडाची थोडीफार चुळबूळ सोसून घेई. पुढें भार विटांच्या भिंतींवर गेला आणि चौकट ही भिंतींत बसविलेली पाहुणी झाली. १८२४ सालीं इंग्लंडांत जोसेफ अ‍ॅस्पडिन यानें पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट घेतलें. १९१४ मध्यें पोरबंदरास सिमेंट तयार होऊं लागलें. सिमेंटाचा गिलावा कठीण खरा, पण तो नमत नाहीं. म्हणून फट नेमकी चौकटीच्या कडेवर उघडते.

आतां उपायाकडे वळूं. कठीण लुकण येथें कुचकामाचें. उन्हाळ्यांत भरलें तर पावसाळ्यांत फुगणारें लांकूड तें चिरडून बाहेर ढकलतें. अलीकडे मिळणारी अ‍ॅक्रिलिकची लवचिक भरणी वापरावी, आणि तीहि फट सर्वांत रुंद असतांना, म्हणजे कोरड्या दिवसांत. मग पुढें ती केवळ दाबली जाते, ताणून तुटत नाहीं. फट मोठी असेल तर जुनी रीतच उत्तम: सांध्यावर लांकडी पट्टी बसवावी, पण तिचे खिळे चौकटींतच मारावे. भिंतींत व चौकटींत दोन्हींकडे मारले कीं पट्टीच चिरते. पट्टी बसविण्यापूर्वीं फट साफ करणें अगत्याचें, नाहीं तर आंत ढेकणांना राजवाडा बांधून दिल्यासारखें होतें.

मात्र बुजविण्याआधीं एक वर्ष तिच्यावर नजर ठेवावी. फटीवर आडवी कांचेची पातळ पट्टी दोन्हीं टोकांस चिकटवून तारीख लिहावी, आणि फटीची रुंदी दर महिन्यास मोजावी. पावसाळ्यांत मिटून उन्हाळ्यांत उघडणारी फट लांकडाची आहे. बारा महिने एकाच दिशेनें रुंदावत जाणारी, कोपऱ्यापासून तिरपी भिंतीवर चढणारी, किंवा कांच तडकवून पुढें सरकणारी फट पायाची असूं शकते. तेथें रंगारी नव्हे, इंजिनिअर बोलवावा. आणि चौकटीवर बोटानें ठोकतां पोकळ आवाज आला, तर आंत वाळवी लागलेली असण्याचा संभव आहे. तें लांकूड उघडून पाहिल्यावांचून त्यावर कांहींहि भरूं नये.