वेलनक्षीचा धडा : टॉमस ब्यूइक आणि न्यूकॅसलची कर्मशाळा

इंग्लिश मुद्रणाच्या इतिहासात टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) याचे नाव काष्ठखोदनाचा पुनरुज्जीवक म्हणून घेतले जाते. ‘चतुष्पाद प्राण्यांचा सामान्य इतिहास’ (१७९०) आणि ‘ब्रिटिश पक्ष्यांचा इतिहास’ (दोन खंड, १७९७ व १८०४) या ग्रंथांतील त्याच्या चित्रांनी त्याला त्याच्या हयातीतच कीर्ती मिळवून दिली. वर्डस्वर्थसारख्या कवीने १८०० साली त्याच्या प्रतिभेची प्रशंसा केली आणि तेव्हापासून टाइन नदीकाठी वाढलेला, कोणाकडेही न शिकलेला निसर्गपुत्र अशी त्याची प्रतिमा रूढ झाली. ही प्रतिमा सर्वस्वी खोटी नव्हे. परंतु ती अपुरी आहे. ब्यूइकचा हात रानात नव्हे, तर सोन्याचांदीच्या वस्तूंवर नक्षी कोरणाऱ्या एका कर्मशाळेत घडला, ही गोष्ट तिच्यामुळे झाकली जाते.

१ ऑक्टोबर १७६७ रोजी ब्यूइक न्यूकॅसल येथील राल्फ बील्बी याच्याकडे सात वर्षांच्या कराराने उमेदवार म्हणून दाखल झाला. सात वर्षांची ही मुदत १५६३ च्या इंग्लिश कायद्याने रूढ केलेली होती. त्यातील उमेदवारीविषयक कलमे १८१४ साली रद्द झाली. बील्बी हा सुवर्णकाराचा मुलगा. त्याचे भाऊबहीण काचेवर मिन्याचे चित्रकाम करीत आणि तो स्वतः चांदीच्या भांड्यांवर कुलचिन्हे व अक्षरगुंफा कोरण्यात वाकबगार होता. त्याच्या दुकानात कोणतेही काम परत पाठविले जात नसे. मृतांच्या स्मरणार्थ घालावयाच्या अंगठ्या, सोन्याचांदीच्या मुद्रा, घड्याळांच्या पितळी तबकड्या, दारांवरील व शवपेटिकांवरील पाट्या, पुस्तकबांधणीचे ठसे, तलवारींची पाती, अशी भरड व नाजूक कामे तेथे शेजारीशेजारी चालत. ब्यूइकच्या मृत्यूनंतर, १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात, त्याने याच कारणास्तव बील्बीला मुलांना शिकविण्याच्या दृष्टीने उत्तम गुरू म्हटले आहे. पोलादावरील भरड कामाने आपले हात लोहाराच्या हातांसारखे राठ व मोठे झाले होते, असेही तो नमूद करतो.

याच आत्मवृत्तातील एक उल्लेख विशेष महत्त्वाचा आहे. प्रारंभी त्याला कोपलँडच्या अलंकारचित्रांच्या नकला करावयास लावण्यात आले, आणि चित्रकलेचा कोणाकडून मिळालेला असा हा त्याचा एकमेव पाठ होय. हेन्री कोपलँडचा अलंकारांचा नमुनासंग्रह १७४६ साली निघाला होता. त्यात फ्रान्समधून आलेल्या रोकोको शैलीच्या वळणदार वेली, शिंपल्यांच्या कडा आणि एकमेकींत गुंतणारे वळसे होते. म्हणजे ज्याच्या पक्ष्यांच्या पिसांची वाखाणणी पुढे सर्वत्र झाली, त्याने विधिपूर्वक शिकलेली एकच गोष्ट म्हणजे वेलनक्षी.

या पाठाचे मोल समजण्यासाठी नक्षी कोरण्याची क्रिया पाहणे अवश्य आहे. ब्युरिन या नावाने ओळखली जाणारी कोरणी म्हणजे तिरकस घासून टोक काढलेली पोलादाची सळई. तिची गोल मूठ तळहाताच्या खळग्यात बसते आणि अंगठा पत्र्यावर टेकून तिला लगाम घालतो. काम वाळूने भरलेल्या कातडी उशीवर ठेवलेले असते. वळण काढताना हात वळत नाही. कोरणी जवळजवळ स्थिर राहून पुढे रेटली जाते, आणि डावा हात उशीवरील काम तिच्याखाली फिरवितो. वळशाची शुद्धता अशा प्रकारे दोन हातांच्या मेळावर अवलंबून असते. कोरणी किंचित उचलली की रेघ बारीक होते, दाबली की रुंदावते. मुख्य वळसा आधी आखला जातो आणि पाने त्यातून सहज निघाल्यासारखी जोडली जातात. मूळ वळण बिघडले, तर पुढील कोणतीही पाकळी ते सावरू शकत नाही. बोथट कोरणी घसरते, आणि चांदीवरील ओरखडा पुसता येत नाही. नमुनासंग्रह शिष्याला रूप देतो. पण दाब, कोन आणि वेग या गोष्टी कागदावर उतरत नाहीत. त्यांच्यासाठीच उमेदवारीची वर्षे लागत.

बील्बीला लाकडावरील काम रुचत नसे; म्हणून ते उमेदवाराच्या वाट्याला आले. चार्ल्स हटन याच्या मापनशास्त्रावरील ग्रंथातील (१७७०) आकृत्या ब्यूइकने लाकडावर कोरल्या. पूर्वीचे काष्ठठसे बहुधा फळीच्या लांब तंतूंवर सुरीने कापले जात. ब्यूइकने बॉक्सवुड या कठीण लाकडाचा आडवा छेद घेतला आणि त्यावर धातूची कोरणी चालविली. आडव्या छेदात तंतूंचा अडथळा नसल्याने कोरणी चांदीवर फिरावी तशी सर्व दिशांना फिरू शकते. ही पद्धत त्याने शून्यातून शोधली असे म्हणता येत नाही; पण तिच्या शक्यता त्याच्याइतक्या पूर्णपणे तोवर कोणी वापरल्या नव्हत्या.

येथे एक फरक ध्यानात घ्यावयास हवा. ताम्रपटावर कोरलेल्या चरीत शाई साठते. म्हणून रेघ काळी उमटते. काष्ठठशात शाई पृष्ठभागावर लागते आणि कोरलेली रेघ पांढरी राहते. चांदीवरील रेघ मात्र छापावयाची नसतेच; प्रकाश ज्या बाजूने पडेल त्याप्रमाणे ती चमकते किंवा काळवंडते. कोरणीचा प्रत्येक घाव म्हणजे प्रकाशाची एक रेषा, ही दृष्टी नक्षीकाराच्या ठायी सरावाने मुरलेली असते. ब्यूइकने काळ्या पृष्ठभागातून पांढऱ्या रेषांनी पिसे व पाने उजळविली, त्याचे मूळ या सरावात शोधण्यास जागा आहे.

तथापि शिक्षणाने सर्व काही सिद्ध होते, असा याचा अर्थ नव्हे. बील्बीला तेच कौशल्य अधिक पूर्णतेने अवगत होते. त्याने पक्षी कोरले नाहीत. निसर्गाचे निरीक्षण ब्यूइकचे स्वतःचे होते. परंतु निरीक्षण डोळ्यात असून भागत नाही. ते हाताने बोलावे लागते, आणि तो हात कर्मशाळेने दिला. बील्बीशी त्याची भागीदारी १७७७ पासून दोन दशके टिकली. पुढे ल्यूक क्लेनेल, चार्ल्टन नेस्बिट, विल्यम हार्वी यांच्यासारखे त्याचे शिष्य हीच विद्या लंडनला घेऊन गेले. काष्ठठसे खिळ्यांच्या जोडीनेच छापता येत असल्याने एकोणिसाव्या शतकातील सचित्र नियतकालिकांना त्यांचा मोठा आधार मिळाला.

धातूवरील कारागिरीने मुद्रणाला हात पुरविल्याचे उदाहरण महाराष्ट्रातही आहे. १८०५ साली मिरज येथे पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता ताम्रपटांवरून छापली गेली, आणि ते पट कोरण्याचे काम तांबटाने केले. दानपत्रासाठी सुलटी अक्षरे कोरण्याची परंपरा येथे प्राचीन होती. छपाईसाठी ती उलटी कोरावी लागली. जुने कसब नव्या हेतूसाठी पुन्हा शिकावे लागले, हे न्यूकॅसल आणि मिरज या दोन्ही ठिकाणी समान आहे. भेद इतकाच, की एका कारागिराने आपल्या शिक्षणाचा वृत्तान्त लिहून ठेवला आणि दुसऱ्याने केवळ काम मागे ठेवले. कलेचा इतिहास लिहिताना लिखित वृत्तान्ताबरोबर कोरलेल्या रेघेचीही साक्ष काढावी लागते, ती यासाठीच.