पावतीपुस्तक आणि पक्षश्रेष्ठी

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सोलापूरने लोकसभेत दोन खासदार पाठवले. त्या काळी काही मतदारसंघ दोन जागांचे असत, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. सर्वसाधारण जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे निवडून आले, राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज. काँग्रेसच्या हाती दोन्हींपैकी एकही जागा लागली नाही. त्याच वेळी मुंबई राज्याच्या विधानसभेत ३१५ पैकी २६९ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या. सोलापूर म्हणजे १९३० सालचा मार्शल लॉ सोसलेले शहर. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना जानेवारी १९३१ मध्ये फाशी झाली, ती याच गावच्या लढ्यापायी. अशा गावाने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच मोठ्या निवडणुकीत काँग्रेसला नाकारावे, ही गोष्ट मला बरीच वर्षे अस्वस्थ करत आली आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. जे काही शिकलो ते गावातल्या वाचनालयांत बसून आणि जुन्या माणसांचे ऐकून. या प्रश्नाचे एक तयार उत्तर मी अनेकदा ऐकले आहे: ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. त्याच्याखाली दुसरा एक प्रश्न दबलेला आहे. तालुक्यातून निवडून गेलेल्या प्रतिनिधीने पक्षात नेमके काय ठरवायचे? माझ्या समजुतीने १९४८ ची फूट या प्रश्नावर झाली आणि तो प्रश्न आजही सुटलेला नाही.

चार आणे ते कार्यकारिणी

आधी काँग्रेसची बांधणी पाहू. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्या केल्या. सरकारच्या दप्तरी नसलेला ‘महाराष्ट्र’ काँग्रेसच्या दप्तरात तेव्हाच आला, पण तो अखंड नव्हता. मुंबई शहराची समिती वेगळी, नागपूरची वेगळी, विदर्भाची वेगळी. सोलापूर महाराष्ट्र प्रांतिक समितीत होते.

चार आणे भरून पावती घेतली की माणूस प्राथमिक सभासद होई. सभासद प्रतिनिधी निवडत. १९३४ च्या घटनेनुसार देशभरच्या प्रतिनिधींची संख्या दोन हजारांपर्यंत मर्यादित झाली. प्रांतातून निवडलेले प्रतिनिधी हीच त्या प्रांताची समिती. त्यांच्यातूनच अखिल भारतीय समितीचे सभासद जात आणि राष्ट्रीय अध्यक्षही हेच प्रतिनिधी मतदानाने निवडत. इथपर्यंत सगळे खालून वर जाते. पण अध्यक्ष निवडला की दिशा उलटते. कार्यकारिणी अध्यक्षाने नेमायची. निवडणुकीची तिकिटे आणि प्रांतांतील मंत्रिमंडळे यांवर देखरेख पार्लमेंटरी मंडळाची, आणि ते मंडळ कार्यकारिणीचे.

या रचनेची बाजूही समजून घ्यायला हवी. परक्या सरकारशी लढणाऱ्या संघटनेला एकमुखी हुकूम लागतो. शिवाय खालची निवड नेहमी शुद्ध असे असेही नाही. १९३५-३६ मध्ये काँग्रेसचे सभासद पाच लाखांच्या आसपास होते, ते १९३८-३९ पर्यंत सुमारे पंचेचाळीस लाखांवर गेले. प्रांतांत मंत्रिपदे आली तशी पावतीपुस्तके भराभर संपू लागली. खोट्या सभासदांबद्दल खुद्द गांधीजींनी जाहीर तक्रार केली होती. ज्याच्या हाती पावतीपुस्तक त्याच्या हाती तालुका, हे समीकरण तेव्हापासूनचे.

प्रतिनिधींचे मत आणि श्रेष्ठींची इच्छा एकमेकांवर आदळली ती १९३९ मध्ये. सुभाषचंद्र बोस १५८० मते मिळवून अध्यक्षपदी पुन्हा निवडून आले. कार्यकारिणीतल्या बहुतेक सदस्यांनी राजीनामे दिले. त्रिपुरी अधिवेशनात ठराव झाला की अध्यक्षांनी नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. एप्रिलअखेर बोस अध्यक्षपदावरून गेले. त्रिपुरीचा ठरावही प्रतिनिधींच्याच मताने झाला होता, हे विसरून चालणार नाही. जानेवारीत ज्याला निवडले त्याचेच हात प्रतिनिधींनी मार्चमध्ये बांधले. प्रतिनिधी नेहमी दुबळा असतो असे नाही. पण तो विखुरलेला असतो, आणि वरचे लोक एकत्र बसलेले असतात.

जेधे-मोरे यांचा पेच

महाराष्ट्र प्रांतिकचे चित्र १९३० नंतर बदलले. ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे सविनय कायदेभंगाच्या काळात काँग्रेसमध्ये आले आणि त्यांच्या मागून खेड्यातला शेतकरी आला. बेचाळीसच्या आंदोलनाने हा वर्ग आणखी आत ओढला. प्रतिनिधींच्या बैठकीतले चेहरे बदलले. धोतर-फेट्यातली, गावची पाटीलकी किंवा शाळामास्तरकी करणारी माणसे दिसू लागली. जेधे प्रांतिकच्या अध्यक्षपदापर्यंत पोचले.

पण मंत्रिमंडळ कोणाचे, तिकीट कोणाला, अखिल भारतीय कार्यकारिणीत महाराष्ट्राचा शब्द कोणाचा, हे सवाल आले की नावे जुनीच निघत. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर पुन्हा मुख्यमंत्री झाले. शंकरराव देव काँग्रेसचे सरचिटणीस होते. ही माणसे लहान नव्हती. खेरांचा सचोटीबद्दल लौकिक होता आणि देवांचा त्याग त्यांच्या विरोधकांनाही मान्य होता. तक्रार चारित्र्याची नव्हतीच. सक्तीची धान्यवसुली म्हणजे लेव्ही, कूळकायदा आणि शेतमालाचे भाव या प्रश्नांवर गावात शिव्या खायच्या त्या तालुका कार्यकर्त्याने, आणि धोरण ठरणार तिथे त्याला जागा नाही, अशी ती तक्रार होती.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्य दिवसांवर आले असताना, जेधे आणि मोरे यांनी काँग्रेसच्या आतच शेतकरी कामगार संघ उभा केला. सोलापूरचे तुळशीदास जाधव, नगर जिल्ह्यातले दत्ता देशमुख, प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील ही मंडळी या प्रवाहात होती. काँग्रेस सोडायची नाही, काँग्रेसमध्ये राहून शेतकरी-कामगारांचा दाब निर्माण करायचा, असा मूळ बेत होता.

तो टिकला नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेली आणि जातीचा प्रश्न इतका तापला की संघटनेतल्या अधिकाराबद्दल शांतपणे बोलणे अशक्य झाले. फेब्रुवारीत अखिल भारतीय समितीची बैठक झाली. स्वतंत्र सभासदत्व, स्वतंत्र घटना आणि स्वतंत्र कार्यक्रम असलेल्या गटाला यापुढे काँग्रेसमध्ये थारा नाही, असे तिथे ठरले. समाजवादी मार्चमध्ये नाशिकला बाहेर पडले. शेतकरी कामगार संघापुढे तोच पर्याय उरला आणि त्याचा पक्ष झाला. यशवंतराव चव्हाण मात्र या मंडळींबरोबर गेले नाहीत. खेड्यातून आलेल्या नव्या पिढीचेच ते होते, पण काँग्रेसमध्ये राहूनच बदल होईल असे त्यांचे मत होते. पुढच्या तीस वर्षांच्या राजकारणाचे बीज या निवडीत आहे.

कोण चूक, कोण बरोबर, हा निवाडा मी करत नाही. पण एक गोष्ट नोंदवतो. पक्षात दुसरा पक्ष नको, हा नियम कागदावर रास्तच दिसतो. मात्र प्रतिनिधींना एकत्र येऊन वरच्या निर्णयाविरुद्ध बोलण्याची दुसरी कोणतीही वाट त्या नियमाबरोबर ठेवली गेली नाही. दोनच वर्षांनी खुद्द शंकरराव देव काँग्रेस अध्यक्षपदाला उभे राहिले. पुरुषोत्तमदास टंडन यांना १३०६, आचार्य कृपलानींना १०९२ आणि देवांना २०२ मते पडली. टंडन यांच्या अध्यक्षतेखाली नाशिकला अधिवेशन भरले. वर्षभरात नेहरूंशी मतभेद विकोपाला गेले आणि प्रतिनिधींनी निवडलेल्या टंडन यांना पद सोडावे लागले. मग पंतप्रधानच पक्षाध्यक्ष झाले. प्रांतिकचा पेच दिल्लीतही सुटला नव्हता.

नव्या घरात जुनीच रीत

शेतकरी कामगार पक्षाने तरी आपल्या प्रतिनिधीला वेगळी वागणूक दिली का? १९५० मध्ये मालेगाव तालुक्यातल्या दाभाडी येथे पक्षाचे अधिवेशन झाले आणि ‘दाभाडी प्रबंध’ मंजूर झाला. पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. त्या प्रबंधावर मोरे यांच्या विचारांचा ठसा मोठा होता. लेव्ही आणि कूळकायदा यांवर बोलायला आलेल्या गावच्या कार्यकर्त्यापुढे आंतरराष्ट्रीय साम्यवादाची भूमिका मांडली गेली आणि त्याने हात वर केला. हा हात समजून वर गेला की नेत्यावरच्या विश्वासाने, हे ज्याचे त्याने ठरवावे. मतभेद वाढले. दत्ता देशमुख आणि त्यांचे सहकारी १९५२ च्या निवडणुकीच्या आगेमागे वेगळे झाले. विधानसभेत पक्षाला चौदा जागा मिळाल्या. सोलापूरची लोकसभा हा त्या मानाने मोठा विजय होता.

आणि मग नेते परत गेले. जेधे १९५४ च्या सुमारास काँग्रेसमध्ये परतले, तुळशीदास जाधवांनी तीच वाट धरली, पुढे मोरेही गेले. १९५७ मध्ये जेधे बारामतीतून काँग्रेसचे खासदार झाले. १९६२ मध्ये मोरे पुण्यातून आणि जाधव नांदेडमधून, दोघेही काँग्रेसच्या तिकिटावर. ज्या मोऱ्यांना सोलापूरने काँग्रेसविरुद्ध दिल्लीला पाठवले ते दहा वर्षांत काँग्रेसचेच खासदार म्हणून दिल्लीला पोचले.

त्याच १९६२ साली सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख पहिल्यांदा विधानसभेवर निवडून आले. पुढे ते एकूण अकरा वेळा निवडून आले, तेही त्याच पक्षाकडून. नेते निघून गेले तरी दुष्काळी माणदेशातल्या शाखा उठल्या नाहीत. पाणी, रोजगार हमी, सूतगिरणी या कामांतून त्या टिकल्या. आमदार एसटीने प्रवास करतो याचे कौतुक महाराष्ट्राने केले. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की तिथला कार्यकर्ता आपल्या आमदाराला रस्त्यात अडवून जाब विचारू शकत होता. आज त्यांचे नातू बाबासाहेब देशमुख तिथले आमदार आहेत. २०२४ मध्ये ते याच पक्षाकडून निवडून आले. पक्ष टिकला, पण उमेदवारी त्याच घरात राहिली, हेही याच इतिहासात लिहावे लागेल.

प्रतिनिधित्व मिळाले, पुढे?

काँग्रेसने १९४८ पासून धडा घेतला, पण अर्धाच. चव्हाणांच्या काळात बहुजन समाजातली माणसे जिल्हा परिषदा, साखर कारखाने, सहकारी बँका आणि मंत्रिमंडळ यांत आली. जेधे-मोऱ्यांची निम्मी मागणी अशी पूर्ण झाली. निर्णय कुठे व्हायचा, ही दुसरी निम्मी तशीच राहिली. १९७२ नंतर वीस वर्षे काँग्रेसमध्ये संघटनात्मक निवडणुका झाल्या नाहीत. १९८० ते १९८६ या काळात अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण असे मुख्यमंत्री बदलले. नेता निवडीचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना देण्याचा एका ओळीचा ठराव ही विधिमंडळ पक्षाची रीतच होऊन बसली. सोलापूरकरांना २००४ आठवत असेल. सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना निवडणूक झाली, आघाडी जिंकली, मुख्यमंत्री विलासराव देशमुख झाले आणि शिंदे राज्यपाल म्हणून आंध्र प्रदेशात गेले. हा निर्णय सोलापुरातल्या कोणत्याही बैठकीत झाला नव्हता.

हे एका पक्षाचे दुखणे नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्या पक्षात तालुकाध्यक्ष आज गुप्त मतदानाने निवडला जातो, याचा शोध वाचकांनी आपापल्या गावी घेऊन पाहावा. काँग्रेसने निदान २०२२ मध्ये अध्यक्षपदासाठी मतदान घेतले. खर्गे यांना ७८९७ आणि थरूर यांना १०७२ मते पडली. पण त्याआधी मतदार असलेल्या प्रतिनिधींची यादी जाहीर करा, अशी मागणी पक्षाच्याच काही खासदारांना करावी लागली. प्रतिनिधी कोण हेच उघड नसेल तर त्याला जाब कोण विचारणार आणि त्याचे मत कोण मागणार?

इतिहास लिहितानाही आपण हेच करतो. जेध्यांवर, चव्हाणांवर पुस्तके आहेत आणि ती असायलाच हवीत. पण करमाळ्याहून, बार्शीहून, मंगळवेढ्याहून प्रांतिकच्या बैठकीला जाणारा माणूस तिथे काय बोलला आणि १९४८ मध्ये घरी परतल्यावर त्याने गावाला काय सांगितले, याची नोंद आपण जपली नाही. सोलापूर जिल्ह्यात अजून काही घरांच्या माळ्यावर जुनी पावतीपुस्तके, बैठकांच्या वह्या, प्रतिनिधीपत्रे असतील. या दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून पाहावीत आणि जवळच्या वाचनालयात द्यावीत. नेत्यांचा इतिहास त्यांच्याशिवायही लिहिता येतो. प्रतिनिधींचा लिहायचा तर हीच कागदपत्रे लागतील.