भयाचा विकार आणि निषेधाचा उपचार

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याचे सहा प्रकार सांगितले असून त्यांत पहिला मान मानस क्लैब्याचा आहे. अप्रिय भावांनी मन दुखावले, अथवा नावडत्या स्त्रीचा संग घडला, की पुरुषाचे सामर्थ्य खचते, हे आपल्या प्राचीन वैद्यांस ठाऊक होते. परंतु त्याच अध्यायात पुढे येतात ते मुख्यत्वे उडीद, पिंपळी, दूध, तूप यांचे वाजीकरण योग! निदान मनाचे आणि औषध पोटाचे, ही विसंगती आम्हांस लक्षणीय वाटते. धातुपौष्टिकांच्या जाहिराती आजही तिच्यावरच पोसल्या जात आहेत.

मनाच्या रोगावर मनाचाच उपचार केल्याची एक जुनी नोंद लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांच्या १७८६ सालच्या गुप्तरोगांवरील ग्रंथात आढळते. एका गृहस्थाने आपले पौरुष नष्ट झाल्याची तक्रार केली. हंटर यांनी बारकाईने विचारपूस केली, तेव्हा ही अवस्था एकाच स्त्रीपाशी होते, अन्यत्र नाही, असे निष्पन्न झाले. तिच्यापाशी आपण उणे पडू नये ही उत्कट इच्छाच शंकेला जन्म देत होती आणि शंका असामर्थ्याला. हंटर यांनी औषध दिले नाही. तिच्यासह शयन करावे, मात्र सहा रात्री काहीही झाले तरी समागम करावयाचा नाही, असा निश्चय करावयास सांगितले. सुमारे पंधरवड्याने गृहस्थ बरा होऊन आला. आपण असमर्थ ठरू या भीतीऐवजी आता वासना आवरेल कशी, ही भीती त्याला वाटू लागली होती! ज्या कर्तव्याचे ओझे होते तेच निषिद्ध ठरताच परीक्षाच उरली नाही.

या युक्तीला पद्धतीचे रूप मात्र फार उशिरा आले. अमेरिकेतील सेंट लुई येथील मास्टर्स व जॉन्सन यांनी १९७० च्या ग्रंथात पतिपत्नींवर एकत्र, सुमारे दोन आठवड्यांचा उपचार मांडला. आरंभी समागमास बंदी, केवळ स्पर्शाची मुभा. अशा प्रसंगी पुरुष स्वतःचाच प्रेक्षक होतो, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. अर्थात मधुमेह वा रक्तवाहिन्यांचे विकारही कारण असू शकतात; त्यांची तपासणी अगोदर व्हावयास हवी.

आपल्याकडे हे भय पुष्कळदा विवाहापूर्वीच रुजते. हस्तमैथुनाने पौरुष नासते, या समजुतीने तरुण खंगत असत. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकातून (१९२७–१९५३) वाचकांच्या अशा प्रश्नांना रोखठोक उत्तरे दिली. १९३४ साली त्याच उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला उभा राहिला, बचावाला डॉ. आंबेडकर असूनही दंड टळला नाही.