रेंडलशॅम प्रकाशघटना

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळील सफक परगण्यात, वुडब्रिज हवाई तळालगतच्या रेंडलशॅम वनात डिसेंबर १९८० मध्ये दिसलेल्या अज्ञात प्रकाशांची घटना. वुडब्रिज व शेजारचा बेंटवॉटर्स हे ब्रिटिश शाही हवाई दलाचे तळ त्या काळी अमेरिकी हवाई दल वापरीत असे. उडत्या तबकड्यांविषयीच्या लेखनात या घटनेला मोठे स्थान मिळाले, ते मुख्यतः तिच्यामागे एका जबाबदार लष्करी अधिकाऱ्याचे सहीचे पत्र असल्यामुळे.

२६ डिसेंबरला पहाटे ३ च्या सुमारास तळाच्या पूर्व दरवाजावरील पहारेकऱ्यांना काही दिवे वनात उतरताना दिसले. विमान कोसळले असावे, या समजुतीने तिघेजण झाडीत शिरले. ४ वाजून ११ मिनिटांनी पोलिसांना कळविण्यात आले. त्यांना ऑर्फर्डनेस दीपगृहाखेरीज कोणताही प्रकाश आढळला नाही. दिवसा जमिनीत तीन उथळ खळगे सापडले. २८ च्या पहाटे तळाचे उपप्रमुख लेफ्टनंट कर्नल चार्ल्स हॉल्ट हे किरणोत्सर्गमापक व ध्वनिमुद्रक घेऊन वनात गेले. त्यांना झाडांमागे उघडझाप करणारा तांबूस प्रकाश व नंतर आकाशात ताऱ्यांसारख्या तीन वस्तू दिसल्या.

हॉल्ट यांनी ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाला पाठविलेले पत्र १३ जानेवारी १९८१ चे आहे. दोन आठवड्यांनंतर लिहिलेल्या या एका पानाच्या पत्रात दोन्ही रात्रींच्या तारखा एकेका दिवसाने पुढे गेल्या आहेत. चूक किरकोळ वाटते. परंतु अशा प्रसंगी रडार, हवामान व आकाशातील घटना यांचा पडताळा तारखेवरूनच घ्यावयाचा असतो. घटनेला संरक्षणदृष्ट्या महत्त्व नाही, असा निर्वाळा मंत्रालयाने दिला. १९८३ मध्ये अमेरिकेच्या माहितीस्वातंत्र्य कायद्यान्वये हे पत्र उघड झाले आणि वृत्तपत्रांतून एकच गाजले.

विज्ञानलेखक इअन रिडपथ यांनी खऱ्या तारखा पोलिसांच्या नोंदींवरून निश्चित केल्या. २६ च्या पहाटे त्याच सुमारास दक्षिण इंग्लंडवरून एक तेजस्वी अग्निगोल गेला होता. वनाच्या कडेपासून सु. ८ किमी. वरील दीपगृहाचा झोत दर ५ सेकंदांनी दिसे, आणि हॉल्ट यांच्या ध्वनिफितीतील उद्‌गारही साधारण त्याच अंतराने येतात. खळगे सशांनी उकरलेले असावेत, असे स्थानिक वनकर्मचाऱ्याचे मत होते. दक्षिणेस दीर्घकाळ दिसलेली वस्तू म्हणजे व्याध तारा असावा. मापकाची वाचनेही अत्यल्प होती.

हॉल्ट यांना हे मान्य नाही. दीपगृह आपल्याला त्या प्रकाशाहून वेगळे दिसत होते, असे ते सांगतात. २०१० मध्ये त्यांनी तसे प्रतिज्ञापत्रही केले. हा आक्षेप गंभीर आहे. मात्र नंतरच्या वर्षांत इतरांनी घातलेली भर त्या तोलाची नाही. यानाला हात लावल्याचे पुढे सांगणाऱ्या पहारेकऱ्याने आपल्या मूळ निवेदनात वस्तूपासून सर्वांत जवळचे अंतर सु. ५० मी. दिले होते, तर त्याच्या सोबत्याच्या निवेदनात, दूरच्या दिव्याचा सु. दोन मैल माग काढल्यावर तो दीपगृहाचा निघाल्याचे म्हटले आहे.

मंत्रालयाचे या प्रकरणाचे कागद २००१ मध्ये खुले झाले. दोन्ही तळ अमेरिकेने १९९३ मध्ये सोडले. ऑर्फर्डनेसचा दिवा २०१३ मध्ये बंद झाला आणि समुद्राच्या धुपीमुळे २०२० मध्ये दीपगृह पाडण्यात आले. त्यामुळे वनात उभे राहून त्या प्रकाशाची तुलना करणे आता शक्य नाही.