पुढच्या ब्रेकची कुळकथा

जुनी बुलेट, येझदी किंवा राजदूत ३५० बाळगणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: पुढचा ब्रेक नावालाच आहे. मिस्त्री केबल ताणून देतो, चार दिवस बरे जातात, की लिव्हर पुन्हा मुठीला टेकतो. मग कुणीतरी डिस्क बसवायचा सल्ला देतं. मला तो पटत नाही. हा ब्रेक कशाच्या जोरावर गाडी थांबवायचा हे समजून घेतलं, तर बहुतेक वेळा तो परत मिळवता येतो.

त्याचं कूळ घोडागाडीपर्यंत जातं. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ रस्त्यांवर उतार आला की गाडीवान चाकावर लाकडी ठोकळा दाबत. ठोकळा घासून जळायचा, म्हणून त्यावर जुने बूट ठोकत. हे पाहून हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये ठोकळ्यासाठी टिकाऊ अस्तर बनवायला सुरुवात केली. फेरोडो कंपनीच्या लायनरचा, म्हणजे ब्रेकच्या अस्तराचा, उगम तो. १९०८ पासून त्यात ॲस्बेस्टॉस आलं आणि पुढची कित्येक दशकं राहिलं. जुन्या गाडीचं चाक उघडाल तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवा. आतली काळी धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका, तोंडानं फुंकू नका. ओल्या फडक्यानं पुसा. ॲस्बेस्टॉसनं कॅन्सर होतो.

१९०२ मध्ये लुई रेनॉ यांच्या मोटारीत ड्रम ब्रेक आला. काठी पुढे धरून ढकलत नेली तर ती जमिनीत रुतते, मागे ओढली तर नुसती घसरत येते. फिरणाऱ्या ड्रमला आतून टेकणाऱ्या, लायनर लावलेल्या दोन शूंचं तसंच आहे. एकाच कॅमनं दोन्ही शू फाकवले, तर एक फिरणाऱ्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो आणि दाब वाढवतो, दुसरा मागे ढकलला जातो. पहिला लीडिंग, दुसरा ट्रेलिंग. हातानं दिलेल्या जोराला ड्रम स्वतःचा जोर जोडतो, ही या ब्रेकची सगळी करामत. मग दोन्ही शूंना वेगवेगळा कॅम देऊन दोन्ही लीडिंग केले, की झाला ट्विन लीडिंग शू. ट्रायम्फनं १९६८ मध्ये बॉनव्हिलला आठ इंची असा ब्रेक दिला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या केबलचा मार्ग बदलला.

१९६९ मध्ये होंडा सीबी ७५० पुढच्या हायड्रॉलिक डिस्कसह बाजारात आली आणि मोठ्या गाड्यांवरचं ड्रमचं राज्य ओसरू लागलं. आपल्याकडे मात्र ड्रमच चालत राहिला. जपानी आरडी ३५० वरची डिस्क १९८३ मध्ये तिचंच भारतीय रूप असलेल्या राजदूत ३५० वर आलीच नाही. किंमत आवाक्यात ठेवायला सात इंची ट्विन लीडिंग ड्रम बसवला. एवढ्या चपळ इंजिनाला तो अपुरा होता, हे मान्य. पण आपल्या रस्त्यांवर त्याची ताकद पुरती वापरलीच गेली नाही. ‘पुढचा दाबू नको, पडशील’ हे ऐकत आपण गाडी शिकलो. न वापरलेल्या ब्रेकची केबल सुकते, कॅम गंजून जड होतो, लायनरवर चकचकीत थर चढतो.

आता दुरुस्ती. केबल नवी घ्या. आतली तार ताणलेली आणि बाहेरचं आवरण दबणारं असेल तर हाताचा जोर तिथेच मुरतो. कॅम काढून साफ करा, ग्रीस बोटाला लागेल इतकंच. नवा लायनर ड्रमच्या गोलाईला पूर्ण टेकला पाहिजे. त्यावर खडूनं रेघा ओढून चाक फिरवा, ब्रेक हलका लावा. फक्त मधल्या किंवा टोकाच्या रेघा पुसल्या तर तेवढाच भाग टेकतोय, तो पॉलिश पेपरनं घासून जुळवा. ब्रेक पूर्ण लागलेला असताना केबल आणि कॅमचा हात यांत काटकोन हवा. लायनर झिजल्यावर हात एक दाता पुढे सरकवून वेळ भागवली जाते, तिथेच हा कोन बिघडतो. ट्विन लीडिंगमध्ये दोन हातांना जोडणारा रॉड असा जुळवा, की दोन्ही शू एकाच क्षणी टेकतील. नाहीतर एकटाच शू राबतो. शेवटी एक्सलचा नट ढिला ठेवून चाक फिरवा, ब्रेक करकचून दाबा आणि तसाच धरून नट आवळा. शू बसवलेली प्लेट ड्रमच्या मध्यावर बसते. बहुतेक गॅरेजांत नेमकी हीच पायरी राहून जाते, आणि फरक सर्वांत जास्त तिनंच पडतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही दुरुस्तीनं बदलणार नाही. गाडी मागे घरंगळू लागली की चाक उलटं फिरतं आणि दोन्ही लीडिंग शू ट्रेलिंग होतात. म्हणून घाटाच्या चढावर थांबलात, तर ट्विन लीडिंगच्या भरवशावर गाडी धरू नका, मागचा ब्रेक दाबून ठेवा.