हमालांच्या पाठीवरून आलेले चर्च

मध्ययुगीन ख्रिस्तमंदिरांचा विषय निघाला की राजे, बिशप आणि कॅथेड्रले यांचेच स्मरण होते; धर्मग्रामाचे चर्च मागे राहते. म्हणून स्पेनमधील बार्सिलोना शहराच्या सान्ता मारिया देल मार, म्हणजे 'सागराची मरिया', या चर्चची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

किनाऱ्यालगतच्या रिबेरा वस्तीत खलाशी, व्यापारी, कारागीर आणि बंदरावरील हमाल राहत. देवदूताच्या संदेशाच्या सणादिवशी, २५ मार्च १३२९ रोजी तेथे कोनशिला बसली. बेरेंगेर दे मोंतागुत हे मुख्य स्थपती होते. ज्यांनी पैसा दिला आणि ज्यांनी अंगमेहनत दिली त्या धर्मग्रामस्थांचेच हे चर्च, असा आरंभापासून ठराव होता. हमालांजवळ द्यायला पाठ होती. मोंजुईक टेकडीवरील राजाच्या खाणीतील दगड त्यांनी पाठीवर वाहून आणले. मुख्य दारावर ओझ्याने वाकलेल्या हमालांच्या ब्राँझच्या दोन छोट्या आकृती आहेत. दात्यांच्या संगमरवरी पाट्यांपेक्षा आम्हांला त्या अधिक बोलक्या वाटतात.

१३८३ साली, अवघ्या ५४ वर्षांत, काम पुरे झाले. त्याच शहराचे कॅथेड्रल १२९८ साली सुरू झाले आणि त्याचा दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकापर्यंत रखडला! एकाच पिढी-दोन पिढ्यांच्या हातून उभे राहिल्याने सान्ता मारियाच्या रचनेत आरंभापासून अखेरपर्यंत एकच शैली आहे. मधले दालन आणि बाजूची दालने जवळजवळ सारख्याच उंचीची. सडपातळ अष्टकोनी खांब एकमेकांपासून सुमारे १३ मीटर दूर, त्यामुळे नजर फारशी अडत नाही. भिंतींना पेलणारे धिरे बाहेर न काढता आत घेतले असून त्यांच्यामधील जागेत लहान प्रार्थनालये बसविली आहेत.

प्रभूच्या मंदिरार्पणाच्या सणादिवशी, २ फेब्रुवारी १४२८ रोजी, भूकंपात दर्शनी भिंतीची गोल चित्रकाचेची खिडकी कोसळून माणसे दगावली. ती पंधराव्या शतकातच नव्याने घडविण्यात आली.

१९३६ साली, यादवी युद्धाच्या आरंभी, चर्चला आग लावण्यात आली. ती अकरा दिवस धुमसत होती. नंतरच्या काळातील नक्षीदार महावेदी आणि मूर्ती भस्मसात झाल्या. त्या आगीचे समर्थन आम्ही कदापि करणार नाही. परंतु राख बाजूला झाल्यावर चौदाव्या शतकाचा उघडा दगड पुन्हा दिसू लागला, आणि जीर्णोद्धार करणाऱ्यांनी तो पुन्हा झाकला नाही.

हे लिहिताना आम्हांला थोडे ओशाळल्यासारखे होते. एका धर्मग्रामाच्या महोत्सवापूर्वी जुन्या सागवानी आढ्याखाली नवे छत ठोकण्यास आम्हीही मान डोलावली होती. आजोबांनी ते लाकूड खांद्यावरून आणले होते, असे एका वृद्ध धर्मग्रामस्थाने आम्हांला सांगितले. पण तोवर खिळे मारून झाले होते.